सिंधुदुर्गात धावताना: किनारा, सडा आणि घाट यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावहून धावणाऱ्यांचे निरोप येऊ लागतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं सिंधुदुर्ग जिल्ह्यापुरतं आहे: विजयदुर्गापासून रेडीपर्यंतचा किनारा आणि पूर्वेचा आंबोलीचा घाटमाथा. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धावण्यासाठी एवढ्या लांब सिंधुदुर्गात कशाला यायचं?

कारण समुद्र आणि सह्याद्री यांच्यात इथे फार थोडी जमीन आहे. सकाळी शिरोड्याच्या पुळणीवर धावून दुपारी तुम्ही आंबोलीत, सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, गार वाऱ्यात बसलेले असता. जिल्ह्याचा किनारा १२१ किलोमीटरचा आहे, पण तो सलग पुळण नव्हे. पुळण संपते, मग डोंगराचं टोक समुद्रात घुसतं, त्यापलीकडे खाडी आणि पुन्हा पुळण. त्यामुळे दर अर्ध्या तासाने पायाखालची जमीन बदलते: वाळू, लाल माती, जांभा दगड, माडांच्या सावलीतली पाणंद, डांबरी चढ. सपाट रस्त्यावर घड्याळ लावून धावायची सवय असलेल्यांना हे आधी जड जातं. दोन दिवस द्या, मग पाय आपोआप जुळवून घेतात.

२. कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पहाटे गारवा असतो, सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, गवत वाळलेलं असल्यामुळे पायवाट दिसते आणि व्हाळ (ओढे) ओलांडता येतात. ऑक्टोबर फसवा असतो. पाऊस गेलेला असतो, पण ऊन आणि दमट हवा मे महिन्यासारखीच. मार्चनंतर किनाऱ्यावर सकाळी आठच्या आत आटपा. एप्रिल-मे महिन्यांत आलात तर मुक्काम आंबोलीत करा. पावसाळ्याचं वेगळं लिहिलं आहे (प्रश्न ११).

३. पहिल्यांदाच येतोय. एकच रस्ता सांगायचा तर कुठला?

शिरोड्याचा वेळागर. पुळण लांब आणि बऱ्यापैकी सपाट आहे, मागे सुरूचं बन असल्याने ऊन चढलं तरी सावलीला वळता येतं. वेळागरहून उत्तरेला आरवलीच्या सागरतीर्थाच्या दिशेने वाळूवरून जायचं आणि येताना गावातल्या रस्त्याने यायचं. परतीच्या वाटेवर आरवलीला वेतोबाचं देऊळ लागतं. वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी इथली श्रद्धा आहे. धावणाऱ्याने तिथे घटकाभर थांबावं असं मला मनापासून वाटतं.

अगदी सपाट हवं असेल तर शिरोड्याच्या मिठागरांकडचा भाग बघा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो याच गावात. मिठागरांच्या बांधांवर मात्र धावू नका. ते मातीचे असतात, पायाने ढासळतात, आणि त्यावर कुणाचं तरी पोट चालतं.

४. पाच, दहा, एकवीस किलोमीटरचे मोजलेले मार्ग द्याल का?

मुद्दाम देत नाही. इथले दहा किलोमीटर आणि तुमच्या शहरातले दहा किलोमीटर यांचा मेळ बसत नाही. ओहोटीच्या कडक वाळूवर लागणारा वेळ आणि भरतीच्या भुसभुशीत वाळूवर लागणारा वेळ यांतच केवढा तरी फरक पडतो. त्यात खाडीतून सड्यावर चढणारा रस्ता आला की अंदाज साफ चुकतो. म्हणून वेळेत मोजा. पाऊण तास धावायचं असेल तर वीस मिनिटं पुढे जा आणि वळा. शेवटची पाच मिनिटं परतीच्या उन्हासाठी राखीव. नेहमी एकवीस किलोमीटर धावत असाल तर तेवढाच वेळ इथे धावा. अंतर कमी भरेल, दमणूक तेवढीच होईल.

५. भरती-ओहोटीचं गणित कसं करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो यायलाच हवा, कारण पुळणीवर धावता येणार की नाही हे समुद्र ठरवतो.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सव्वानऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला येते, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. वेळ रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते. हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना लागू.

धावणाऱ्यासाठी याचा अर्थ असा. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस सकाळी समुद्र आत गेलेला असतो आणि ओल्या, कडक वाळूचा रुंद पट्टा मिळतो. संध्याकाळीही तसंच. अष्टमीपासून द्वादशीपर्यंत सकाळी पाणी वर असतं, तेव्हा रस्ता धरा.

हा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो आणि दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. जिथे पुळणीच्या टोकाला खडक आहेत आणि परतीची वाट पाण्याने बंद होऊ शकते, तिथे भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघा, आणि शक्य असेल तर किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या माणसाला विचारा. मुंबईकरांसाठी एक सूचना: तुमच्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, इकडे साधारण दोन मीटर. म्हणजे ओहोटीला मुंबईसारखं पाणी लांब जाणार नाही. खडकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाता येईलच असं गृहीत धरू नका.

६. वाळूत अनवाणी धावावं की बूट घालून?

सवय नसेल तर बूट. अनवाणी धावायची हौस असेल तर शेवटची दहा मिनिटं, तीही ओल्या वाळूवर. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुसऱ्या दिवशी धरतात, पहिल्या दिवशी काही कळत नाही. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने फार वेळ धावलं की एका पायावर भार येतो. गेलात तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या.

७. तारकर्ली-देवबागचा पट्टा धावण्यासाठी कसा आहे?

डोळ्यांना सुंदर, वाळूवर धावायला अर्धामुर्धाच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. तारकर्लीची पुळण ठीक आहे. देवबागकडे लाटांनी किनारा खाल्ल्यामुळे ठिकठिकाणी बंधाऱ्याचे दगड टाकलेले आहेत, तिथे वाळूवरून सलग जाता येत नाही. मधल्या अरुंद रस्त्याने संगमापर्यंत जा. सकाळी सातपर्यंत तो तुमचाच असतो. नाताळच्या आठवड्यात नऊनंतर तिथे गाड्यांची रांग लागते, तेव्हा धावणं सोडा, चालणंही कठीण.

संगमावर उभं राहिलं की समोर भोगव्याची पुळण दिसते. होडीने पलीकडे जाता येतं, पण पहाटे होडी मिळेल या भरवशावर बेत आखू नका. आदल्या संध्याकाळी होडीवाल्याशी बोलून ठेवा.

८. लांबचं धावायचं आहे, दोन-अडीच तास. किनाऱ्याने कुठला रस्ता?

वेंगुर्ला ते शिरोडा. सागरी महामार्गाचा हा तुकडा आहे, पण महामार्ग या नावाने दचकू नका, सकाळी वाहतूक बेताची असते. वेंगुर्ल्यातून बाहेर पडलं की चढ, मग मोचेमाडला उतार, खाडी, कांदळवन, पूल आणि पुन्हा चढ. मोचेमाडच्या वरच्या वळणावरून खाडीचं मुख आणि पुळण एका नजरेत दिसते. इथे बहुतेक जण फोटोसाठी थांबतात आणि थांबावंच, फक्त वळणावर नको. चढ छोटे आहेत, पण एकामागून एक येतात. पहिल्या दोन चढांवर जोर लावला तर आरवलीपर्यंत पाय उरत नाहीत.

दुसरा रस्ता देवगडचा. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलामुळे देवगडहून कुणकेश्वर जवळ आलं. पुलावर वारा जोरात असतो. समोर समुद्रावरचं कुणकेश्वराचं देऊळ आणि मागे हापूसच्या बागा. सावली मात्र कमी, म्हणून लवकर निघा.

तिसरा, सावलीचा: मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव. चहूबाजूंना झाडी, बांधाशी भगवतीचं देऊळ. सोळाव्या शतकातला हा तलाव, २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. उन्हाळ्यात किनारा तापला की स्थानिक धावणारे इकडे वळतात.

९. मुंबई-गोवा हायवेच्या कडेने धावलं तर?

नको. चौपदरी रस्त्यावर गाड्यांचा वेग फार असतो आणि पहाटेच्या गाड्यांचे चालक रात्रभर जागे असतात. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीत मुक्काम असेल तर हायवे ओलांडून आतल्या गावरस्त्याला लागा. सावंतवाडीत मोती तलावाभोवती सकाळी निम्मं शहर चालायला आलेलं असतं, हलक्या धावण्याला ते उत्तम.

१०. आंबोलीत धावायचे रस्ते कुठले? घाट खालून वर चढता येईल का?

माथ्यावर तीन रस्ते मला आवडतात. चौकुळचा रस्ता उघड्या माळरानातून लांबवर जातो, हळूहळू चढतो-उतरतो, वाहनं तुरळक. लांबच्या धावण्याला हाच. हिरण्यकेशीचा रस्ता झाडीतला आणि छोटा. तिथे गुहेतून नदी उगम पावते आणि देवळापुढच्या कुंडात एक मासा सापडतो, शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्यासाठी २०२१ साली ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. धावून आल्यावर घामेजले पाय त्या कुंडात बुडवू नयेत, ही विनंती. तिसरा महादेवगड पॉइंटचा, सूर्यास्ताच्या आधी हलकं धावायला. सातशे मीटरवर हवा विरळ वगैरे काही होत नाही, श्वासाची चिंता नको. थंडीत पहाटे स्वेटर मात्र लागतो.

घाट चढण्याविषयी. सावंतवाडीहून आंबोली तीस किलोमीटरच्या आसपास, आणि खरा चढ दाणोलीनंतर, साटम महाराजांच्या समाधीचं गाव मागे पडलं की सुरू होतो. चढ सलग आहे पण उभा नाही, सराव असलेल्याला जमतो. अडचण वाहतुकीची. बेळगाव-कोल्हापूरकडची मालवाहतूक या अरुंद रस्त्याने जाते. चढायचंच असेल तर हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, उजाडल्या-उजाडल्या. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने धावा, पण आंधळ्या वळणाच्या आतल्या बाजूला सापडू नका. वळण यायच्या बरंच आधी, दोन्हीकडे बघून, बाहेरच्या कडेला या. भडक रंगाचा शर्ट घाला. उतरताना एसटीने उतरा. घाट धावत उतरला की गुडघे आणि मांड्या चार दिवस बोलतात, आणि उतारावर ट्रकचे ब्रेकही तापलेले असतात.

११. पावसाळ्यात यायचं आहे. हिरवं कोकण बघत धावायला मिळेल ना?

मिळेल, पण मनासारखं नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. धुकं असं की दहा पावलांवरचं दिसत नाही. घाटात दरड येऊ शकते. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी धबधब्यावर एवढी गर्दी असते की रस्ता ठप्प होतो. गेळ्यातल्या कावळेसादला वारा दरीतलं पाणी उलटं वर फेकतो, ते बघायला जावं, पण कठड्याच्या आत राहून आणि चालत.

खाली गावांत धोका वेगळा. चिऱ्याच्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवर, शेवाळ धरतं. ते हिरवं दिसतं तेव्हा माणूस जपतो, काळं पडलेलं असतं तेव्हा फसतो. तिथे महागातला बूटही घसरतो. पाखाडी आली की चाला, आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूने चाला. व्हाळाला पाणी असेल तर साकवावरून (छोट्या पुलावरून) जा, साकवावरूनच पाणी वाहत असेल तर परत फिरा. पुळणीवर पावसाळ्यात जाऊ नका. मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून ठेवतात.

पाऊस अनुभवायचा असेल तर सप्टेंबर अखेर निवडा. भात पोटरीला आलेलं असतं, डांबरी गावरस्ते सुकू लागलेले असतात.

१२. सड्यावर धावायला परवानगी लागते का? कातळशिल्पं बघत धावता येईल?

सडा म्हणजे गावावरचं जांभ्याचं पठार. तो ओसाड दिसला तरी कुणाच्या तरी मालकीचा किंवा देवस्थानाचा असतो. मळलेल्या वाटेने जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. कुंपण, गडगा किंवा बागेची कवाडी ओलांडायची असेल तर आधी विचारा. आंबा-काजूच्या बागांमधून, विशेषतः काळोखात, आडवाटेने कधीही जाऊ नका. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली असू शकते आणि हंगामात राखणीची कुत्री मोकळी असतात.

मालवण तालुक्यात कुडोपीला कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत कुडोपीही आहे. हजारो वर्षं टिकलेली ही चित्रं जमिनीवरच कोरलेली आहेत, म्हणजे बेसावध धावणारा थेट त्यांच्यावरूनच जातो. जांभा मऊ असतो, खाचा झिजतात. जागेच्या अलीकडे थांबा, चालत जा, कडेने बघा. श्रावण-भाद्रपदात सड्यावर इवल्या फुलांचे गालिचे येतात, तेव्हाही हाच नियम.

१३. साप दिसतात का? चावला तर काय करायचं?

दिसतात. फुरसं इथल्या कातळावरचा नेहमीचा साप. हातभर लांब, मातकट, दगडाशी एकरूप झालेला. डिवचला की वेटोळं घालून खवले एकमेकांवर घासतो, खरखर आवाज येतो. तो आवाज ऐकला की जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा आणि मागे सरा. उजाडल्यावर, मळलेल्या वाटेवर धावलात तर धोका फार कमी होतो. दम खायला जांभ्याच्या ढिगावर किंवा गडग्यावर न बघता बसू नका, बुटाची नाडी बांधायला हात टेकतानाही आधी बघा. आंबोलीत पावसाळ्यात वाटेकडेच्या झुडपांवर चापडा हा विषारी साप असतो, म्हणून फांद्या हाताने बाजूला सारत धावायचं नाही.

चावल्यास: हलायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही. बूट, घड्याळ, अंगठी काढा, १०८ ला फोन करा, गाडी मिळाली तर थेट सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आहे. चापड्यावर ती नाही, तरी रुग्णालयात जायचंच, कारण कुठला साप चावला हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

१४. गवा, बिबट्या, हत्ती यांची भीती कितपत?

गव्याची जास्त धरा. आंबोली, सावंतवाडी, कणकवली या पट्ट्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. दिसायला शांत, पण एकटा नर किंवा वासरू असलेली मादी असेल तर अंगावर येऊ शकते. थांबा, लांब राहा, कळप पूर्ण ओलांडू द्या. दोन गव्यांच्या मधून कधीही जाऊ नका. बिबट्या माणसाला टाळतो. काळोखात एकट्याने झाडीतून धावलं नाही की बहुतेक प्रश्न मिटतो.

हत्ती दोडामार्ग तालुक्यात, तिलारी खोऱ्यात आहेत. २००२ पासून ते कर्नाटकातून इकडे येऊ लागले. या भागात पहाटे-संध्याकाळी धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसा जायचं तर आधी गावात किंवा वनखात्याकडे कळप कुठे आहे ते विचारा. गावकऱ्यांना ते रोज माहीत असतं, कारण त्यांच्या केळी-माडांचा जीव त्यावर असतो.

१५. गावातली कुत्री मागे लागतात. काय करायचं?

धावणं थांबवा आणि चालायला लागा. निम्मी कुत्री तिथेच गप्प होतात. पाठ दाखवून पळू नका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा, मारायची वेळ सहसा येत नाही. घर जवळ असेल तर हाक मारा, कुणीतरी बाहेर येऊन कुत्र्याला नावाने दटावतं. दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, ओरखडा असला तरी.

१६. इथल्या दमट हवेत पाणी किती प्यावं? काय खावं?

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. घाम निथळतो, मीठ जातं. तासाभराच्या वर धावणार असाल तर नुसतं पाणी पुरत नाही, आणि नुसतं पाणीच भरपूर पीत राहणंही घातक. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात घालून जवळ ठेवा. इथला घरगुती उपाय म्हणजे कोकमाचं आगळ, पाणी, मीठ आणि थोडी साखर. शहाळं परतल्यावर घ्या.

खाण्याचं विचाराल तर उकड्या तांदळाची पेज. पातळ, मिठाची, सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. पाणी, मीठ आणि भात तिन्ही एका वाडग्यात. शेतावर राबणारी माणसं पिढ्यान् पिढ्या हीच खाऊन दुपारपर्यंत उभी राहिली. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगितलंत तर कुणीही आनंदाने करून देईल.

सोबत्याची बडबड असंबद्ध झाली, पाय लडखडले तर तो ऊष्माघात असू शकतो, अंगाला घाम असला तरी. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. रुग्णालयात नेईपर्यंत थंड करणं थांबवू नका.

१७. मी एकटी धावते. इथे कितपत सुरक्षित?

इथल्या बायका पहाटे एकट्या शेतावर, बाजाराला, मासे विकायला जातात, त्यामुळे रस्त्यावरची एकटी बाई हे कुणाला नवल नाही. धावणारी बाई मात्र अजून नवी आहे. लोक बघतील, कुणी ‘काय गो, खंय धावतंस?’ असं विचारील. त्यात बहुधा आपुलकी असते, थांबून उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी तोच रस्ता ओळखीचा होतो. तरी काळजी शहरात घेता तेवढीच घ्या: उजाडल्यावर निघा, मुक्कामाच्या घरातल्या काकूंना रस्ता आणि परतायची वेळ सांगा, कानात दोन्ही बोंडं घालू नका, निर्जन सुरूच्या बनापेक्षा शाळा आणि दूध डेअरीवरून जाणारा रस्ता निवडा. अर्ध्या चड्डीचं विचारतात: पुळणीवर आणि रस्त्यावर हरकत नाही, देवळात जायचं असेल तर गुंडाळायला काही ठेवा. हे पुरुषांनाही लागू.

१८. एका बाजूने धावून परत यायला काय मिळेल?

एसटी. पण उलट करा. रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी भल्या पहाटे तालुक्याला निघते. तिने आधी लांबच्या टोकाला जा आणि मुक्कामाकडे धावत या. थकल्यावर वाहनाची वाट बघत बसावं लागत नाही. गाडीची वेळ आदल्या दिवशी स्टँडवर किंवा नाक्यावरच्या दुकानात विचारा.

रेडीहून पुढे तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत धावणारेही आहेत. किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात येतो. तिथून फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरता येतं.

१९. पुळणीवर रापण ओढत होते, मधून जाऊ की थांबू?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. थांबा, किंवा ओढणाऱ्यांच्या मागून, जमिनीच्या बाजूने वळसा घाला. दोर पाण्यातून सरळ किनाऱ्यावर आलेला असतो, ताणलेला आणि ओला, लांबून दिसतही नाही. तो ओलांडायला उडी मारू नका. घाई नसेल तर हात लावा, कुणी नको म्हणत नाही.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळ वायंगणीसारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून जा आणि काळोखात डोक्यावरचा दिवा लावून पुळणीवर धावू नका. प्रकाशाने मादी परत फिरते, पिल्लं वाट चुकतात.

२०. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्गाच्या तटावरून धावता येईल?

नाही. दोन्ही किल्ले संरक्षित आहेत आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा यादीत गेले. तट फिरून बघा, निवांत.

२१. पाय मुरगळला, पडलो, तर जवळ दवाखाना असतो का?

प्राथमिक आरोग्य केंद्र बहुतेक मोठ्या गावांत असतं. त्यापुढे उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसला जिल्ह्याचं रुग्णालय. फार गंभीर असेल तर इथली माणसं ‘बांबोळीक व्हरा’ म्हणतात, म्हणजे गोव्यातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. चौकुळच्या माळावर आणि घाटातल्या वळणांवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून तिकडे एकट्याने जाऊ नका आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून निघा.

२२. जत्रा, शिमगा असेल तेव्हा धावता येतं का? आणि आचऱ्याची गावपळण म्हणजे काय?

कार्तिक-मार्गशीर्षात गावोगाव जत्रा असतात, रात्रभर दशावतार चालतो. पहाटे रस्त्यावर जागरण करून घरी जाणारी माणसं आणि दुचाक्या असतात, तेव्हा जपून. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कौल घेऊन, म्हणजे देवीची अनुमती मागून, ठरते. त्या दिवसांत मालवण-कणकवलीकडचे रस्ते माणसांनी भरून जातात, धावायचा बेत दुसऱ्या तालुक्यात करा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरचंही तसंच. शिमग्यात मुलं रस्त्यात अडवून ‘शबय’ मागतात, खिशात सुटे पैसे ठेवा आणि हसत द्या.

गावपळण वेगळी. आचऱ्यात दर चारेक वर्षांनी, रामेश्वराचा कौल झाला की, सगळं गाव गुरा-कोंबड्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. घरं बंद, चुली बंद. माळावर झोपड्या उभ्या राहतात. ‘रिकाम्या गावातून धावायला काय मजा येईल’ असा निरोप दरवेळी कुणीतरी पाठवतं. कृपा करून जाऊ नका. त्या तीन दिवसांत गावात कुणी वावरायचं नाही हीच तर प्रथा आहे, आणि पाहुण्यानेही ती पाळायची. आचऱ्यावरून जाणारा मार्ग आखला असेल तर तो मालवणच्या दक्षिणेला हलवा, तारकर्लीकडे (प्रश्न ७) किंवा धामापूरला (प्रश्न ८). गावकऱ्यांना भेटायचं असेल तर वेशीबाहेरच्या झोपड्यांकडे संध्याकाळी जा, तिथे तुमचं स्वागत होईल. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतात. देवाने हुकूम दिला की गाव भरतं, नाहीतर मुक्काम वाढतो, म्हणून त्या आठवड्यातला आचऱ्याचा बेत गाव भरल्याची खात्री झाल्यावरच पक्का करा.